नऊ-एकेचाळीस

गफूर मिस्त्रीने मागचा एक्सल उघडला
तेव्हा काळं, दाट, जळक्या वासाचं तेल
पत्र्याच्या डब्यात सावकाश उतरत गेलं.
त्यात वर्खासारखा चुरा चमकत होता.
"हे तुमचे दात," तो म्हणाला,
जसे काही मीच झिजवले.
निम्मे मीच.

केजच्या नाक्यावर, चिंचेखाली,
विलीज पिकअप, बासष्टचं मॉडेल, ठोकळ्यांवर.
हिरव्या रंगाखालून अजून वाचता येतं: हिवताप नि
पुढचं र्मूलन दार बदललं त्यात गेलं.
मामांनी सरकारी लिलावात घेतली
तेव्हा हौद्याला फवाऱ्याचा वास होता,
पहिल्या वर्षी सीताफळांनाही लागला.

खडूने एका दातावर खूण करून
त्याने पिनियन मोजलं. आठ.
क्राऊन. त्रेचाळीस.
भागाकार मी केला:
चाक एकदा फिरायचं तर शाफ्टने
पाचदा आणि वर थोडं गरगरायचं.
"म्हणून ओरडते ही पन्नासला."
"पन्नाशीला सगळेच ओरडतात," गफूरभाई म्हणाले. वय छप्पन्न.

फळीवर तीन जोड, जुन्या पेपरात गुंडाळलेले.
आठ-त्रेचाळीस, जसा होता तसाच, पण कोरा.
नऊ-एकेचाळीस, परभणीच्या भंगारातला.
आणि अकरा-एकेचाळीस,
कुणा हौशी माणसाने मागवलेला, जो न्यायला आलाच नाही.
माझा हात त्याच्यावरच गेला.

डोळे उघडलेलं फळ दोन दिवस थांबतं,
तिसऱ्या दिवशी हातात फुटतं.
धारूरहून पहाटे चारला निघून
जालन्याच्या सौद्याला पोचायचं.
हिशोब घरीच करून आलो होतो:
घाट मी भरल्या गाडीने उतरतो.
चढताना हौद्यात रिकाम्या पाट्या,
आणि हात केला म्हणून घेतलेलं एखादं माणूस.
ताकद काहून पाहिजे? पळ पाहिजे.

गफूरभाईंनी बिडी विझवली,
अर्धी कानावर ठेवली.
"चढ तर कुणीबी मोजतंय, बाबा.
उतार मोजला का?
टनभर माल पाठीमागं, ते शेवटचं वळण,
समोरून उसाचं ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन.
ब्रेक तापला की रुसतो.
मग तुला धरायलंय कोण?"
आणि पाण्याने धुतलेल्या हरभऱ्यासारखं
ते झिजकं पिनियन माझ्या तळहातावर ठेवलं.

मामा घाटाच्या तोंडाला
गाडी दुसऱ्यात टाकून दोन्ही पाय काढून घ्यायचे.
इंजिन हुं हुं करत धरून राहायचं.
मला वाटायचं, हिला खाली जायचंच नाहीये.

अकरा परत फळीवर ठेवलं.
आठही.
थोडा वेळ हात फळीवर तसाच राहिला.

पुढं दोन दिवस गेले.
दातांना शेंदूर लावायचा, फिरवायचं,
ठसा कुठं पडतो बघायचा. टोकाला पडला.
कागदाएवढी शिम काढ, दुसरी घाल, परत शेंदूर.
नवाचा भाग एकेचाळीसला जात नाही.
"चांगलं असतंय ते," गफूरभाई म्हणाले,
"एकच दात एकाच दाताला रोज घासत नाही.
फिरत फिरत सगळ्यांना सगळे भेटतात."
तिसऱ्या सांजेला ठसा मधोमध आला,
बोटाच्या पेराएवढा, लाल.

आता घाटात ती जरा सैल सुटते.
ब्रेकवर पाय पहिल्यापेक्षा दोनदा जास्त जातो.
मोजलंय.
शेवटच्या वळणाला अजून पोटात कालवतं
आणि आठ-त्रेचाळीस आठवतं.

पण तेलगावच्या पुढं, सरळ रस्त्याला,
काटा पन्नासवर आणि गाडी गप्प.
दगडापासून दगडापर्यंत घड्याळ लावलं:
बरोबर एक मिनिट. म्हणजे साठ.
गफूरभाई म्हणतात, काट्याचं छोटं गिअर मिळतं,
बदलून देतो, खरं बोलेल.

म्हटलं, राहू द्या.
साठीची आहे, पन्नास सांगते.
सांगू दे.